पडल्यावरचा चहा

वडील नेवाशात कपडे शिवायचे. त्यांच्या ओळखीवर मी विधानसभेला दोनदा उभा राहिलो आणि दोन्हीदा पडलो. दुसऱ्यांदा पडल्यावर मतदारांचे आभार मानायला गावोगाव फिरलो. जो तो म्हणे, "आमचं मत तुमालाच हुतं." माझं डोकंच फिरलं. मग मी पडलो कसा?

शेवटच्या घरी एका म्हातारीनं चहा दिला आणि म्हणाली, "तुझ्या बापानं माझ्या लेकीच्या लग्नाचे कपडे शिवले, पन मी तुला मत न्हाई दिलं. वाटलं, निवडून आला की ह्यो बी तोंड दाखवायचा न्हाई."

"मी तर पडूनसुद्धा आलो, आजी."

"व्हय, तितं चुकलं माझं. च्या घे."

गावोगाव आभार मानत फिरलो, पण मनापासून मानले ते तिचेच.