बी विंगच्या तिघांची संमती

२००६ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, विरार पूर्वेला चंदनसारच्या आमच्या सोसायटीत बी विंगचा खेळाडू पोकरच्या स्पर्धेतून बाद झाला. हातात राजा आणि गुलाम असताना त्याने उरलेले सगळे चिंचोके एका डावात लावले होते. त्यासाठी विंगच्या समितीची संमती घेतलेली नव्हती.

स्पर्धेत पैसे नव्हते. बक्षीस होती हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याने ती दिली होती. जिंकणाऱ्या विंगने ती आपल्या गच्चीवर बसवायची, एवढीच त्याची अट होती.

बी विंगमध्ये या टाकीची खरी गरज एकाच घराला होती, चौथ्या मजल्यावरच्या. टँकर आला की पाणी पंपाने गच्चीवर चढायचं आणि तिथून खाली उतरायचं. खालचे सगळे मजले भरून घेईपर्यंत वरच्या नळाचा नुसता आवाज यायचा. नवरा पहाटेच्या पाळीला बाहेर पडायचा, त्यामुळे खालून पाणी वाहून नेण्याचं काम बायकोवर पडलं. तिच्या कमरेची तक्रार जुनी होती. डॉक्टरांनी वजन उचलू नका असं सांगितलं होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसरी टाकी बसवून तिची जोडणी फक्त चौथ्या मजल्याला द्यायची, हे विंगने मान्य केलं होतं. टाकी विकत घेण्याचा विषय मात्र प्रत्येक बैठकीत पुढे ढकलला जात होता. टाकी जिंकली तर विषयच मिटणार होता. म्हणून खेळायला चौथ्या मजल्यावरचा नवराच बसला.

खेळ शिकवला ए विंगमधल्या एका खलाशाने. तो मूळचा पापडी गावचा, जहाजावर नोकरीला, तेव्हा सुट्टीवर आलेला. तीनपत्ती सगळ्यांना येत होती, पोकर कुणालाच नाही. त्याने दोन संध्याकाळी नियम समजावले. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, त्यातून चांगला हात जुळवायचा. प्रत्येक डावात आळीपाळीने एकाने पत्ते बघण्याआधीच ठरावीक चिंचोके टाकायचे, आणि हा आकडा थोड्या थोड्या वेळाने वाढवायचा. या सक्तीच्या चिंचोक्यांना सोसायटीत पहिल्याच दिवशी मेंटेनन्स हे नाव पडलं. त्यानंतर समजावून सांगावं लागलं नाही.

खलाशाने आणखी एक गोष्ट दोनदा सांगितली. चिंचोके मेंटेनन्सच्या दहापटीखाली गेले, की वाट बघणं संपलं. बरे पत्ते आले की सगळे लावायचे, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. थोडे थोडे लावत बसलात तर मेंटेनन्सच तुम्हाला संपवेल. हे ऐकायला बी विंगची सगळी मंडळी हजर होती.

तरीही बी विंगने स्पर्धेच्या आदल्या दिवशी बैठक घेतली. तळमजल्यावर एक निवृत्त सेक्शन ऑफिसर राहत. त्यांनी मुद्दा मांडला की चिंचोके खेळणाऱ्याचे वैयक्तिक नाहीत, विंगचे आहेत. निम्म्याहून जास्त चिंचोके एका डावात लावायचे असतील तर विंगमधल्या तिघांची संमती घ्यावी, असा ठराव झाला. ते स्वतः, पहिल्या मजल्यावरच्या काकू आणि दुसऱ्या मजल्यावरचा बँकेतला तरुण, असे ते तिघे. तिघांच्याही नळाला पाणी येत होतं. तिसऱ्या मजल्यावरून मी हजर होतो. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून माझं घड्याळ बरोबर असणार, असा समज होता. वेळ पाहून मेंटेनन्स वाढवण्याचं काम मला देण्यात आलं आणि त्यामुळे खेळाबद्दल बोलायला बंदी झाली.

खेळ पार्किंगमध्ये झाला. स्टुलावर कॅरमबोर्ड उलटा घातला होता. पाच विंगांचे पाच खेळाडू, प्रत्येकाला शंभर चिंचोके, पत्ते वाटायला खलाशी. डी आणि ई विंग लवकर बाद झाल्या. उरले सी विंगचे रिक्षावाले, ए विंगमधली इंजिनिअरिंगला असलेली मुलगी आणि आमचा चौथा मजला. त्याच्याकडे साठ चिंचोके होते, मेंटेनन्स दहावर गेला होता.

त्याला एक्का आणि राणी आली. मुलीने आणि रिक्षावाल्यांनी अजून काहीच केलेलं नव्हतं. त्याने मान वळवून समितीकडे पाहिलं आणि विचारलं, सगळे लावू का?

समिती उठली आणि खांबामागे गेली. त्यालाही बोलावून घेतलं. काकूंना एक्क्याची किंमत एक धरायची की चौदा, हे पुन्हा समजावून हवं होतं. बँकेतल्या तरुणाने समजावलं. सेक्शन ऑफिसरनी पत्ते पाहायला मागितले, मग स्वतःच ते योग्य होणार नाही असं म्हणाले, मग पाहिले. सी विंगची मंडळी जोरात बोलू लागली की बी विंगची जनरल बॉडी भरली आहे, चहा सांगा.

"अंकल, पत्ते थंड झाले," खलाशी म्हणाला.

संमती मिळाली. तो परत येऊन बसला आणि साठही चिंचोके पुढे सरकवले. मुलीने पत्ते टाकले. रिक्षावाल्यांनीही टाकले, वर म्हणाले, "एवढी मीटिंग घेऊन आलात, म्हणजे घरात सोनंच असणार." मेंटेनन्सचे दहा चिंचोके तेवढे मिळाले. सेक्शन ऑफिसरनी याची नोंद यश म्हणून घेतली. पद्धत चालते आहे, असं ते काकूंना म्हणाले.

पद्धत चालत नव्हती. चांगले पत्ते आले की आमचा खेळाडू परवानगी मागायला उठतो, हे आता सगळ्या टेबलाला कळलं होतं. मला बोलता येत नव्हतं. मी घड्याळ पाहत राहिलो.

पुढच्या डावांत दोनदा त्याची मेंटेनन्सची पाळी आली. मग मी मेंटेनन्स वीस केला. तेव्हा त्याच्याकडे पन्नास होते. नव्व्यांची जोडी आली. त्याने पुन्हा विचारलं. तरुण म्हणाला, लावा. सेक्शन ऑफिसरचं म्हणणं पडलं की यात एक्का नाही, राजा नाही, राणीसुद्धा नाही, तेव्हा घाई नको. काकू त्यांच्या बाजूने गेल्या. दोन विरुद्ध एक. पत्ते टाकायला लावले. तो डाव मग मुलगी आणि रिक्षावाले यांच्यात झाला आणि मधल्या पाच पत्त्यांत एक नव्वी आली. तरुणाने ती बोटाने दाखवली. सेक्शन ऑफिसर म्हणाले की ती आधी दिसत नव्हती.

मग मेंटेनन्सची पाळी पुन्हा त्याच्यावर आली आणि वीस गेले. तीस उरले. काकू म्हणाल्या, तीस आहेत ना अजून, थांबा जरा. खलाशाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. पत्ते वाटणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, हा नियम त्याचाच होता.

खेळाडूची बायको एव्हाना जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली होती. तिच्याजवळ दोन रिकाम्या कळशा होत्या. दुपारचा टँकर येऊन गेला होता.

पुढच्या डावात त्याला इस्पिकचा राजा आणि चौकटचा गुलाम आला. रिक्षावाल्यांनी पत्ते टाकले. मेंटेनन्स मुलीचा होता, तिचेच वीस मध्ये पडले होते. त्याने मागे पाहिलं नाही. तीसही चिंचोके ओंजळीने पुढे ठेवले.

"सगळे."

सेक्शन ऑफिसर उठून उभे राहिले. "अहो चौथा मजला, थांबा. संमती घेतलेली नाही. हा डाव धरता येणार नाही."

"काका," जिन्यावरून बायको म्हणाली, "तुमच्या नळाला पाणी आहे. तुम्ही थांबू शकता. लावू द्या त्यांना."

खलाशाने निर्णय दिला की टेबलावर ठेवलेले चिंचोके परत घेता येत नाहीत. विंगचा ठराव विंगमध्ये.

मुलीने आपले पत्ते पाहिले, मग खेळाडूकडे आणि मग समितीकडे. तिने आणखी दहा चिंचोके टाकले. दोघांनी पत्ते उघडे केले. तिच्याकडे किलवरची राणी आणि बदामची नव्वी होती. त्याचा हात वरचढ होता. मधले चार पत्ते येईपर्यंत वरचढच राहिला. पाचवा पत्ता इस्पिकची नव्वी. तिची जोडी जुळली.

तो उठला आणि खुर्ची नीट आत सरकवली. मुलगी ओशाळल्यासारखी झाली होती. ती त्याला म्हणाली, "काका, दर वेळी तुम्ही विचारायला उठायचात. या वेळी उठला नाहीत, म्हणून मला वाटलं पत्ते हलके असतील."

खलाशाने नंतर सेक्शन ऑफिसरना सांगायचा प्रयत्न केला की हाच डाव शंभर वेळा खेळला तर साठाहून जास्त वेळा बी विंग जिंकेल. ते म्हणाले, आपण एकदाच खेळलो आणि हरलो. खलाशी म्हणाला, साठ चिंचोके असताना न विचारता लावले असते, तर कुणीतरी हलक्या पत्त्यांवर अडकलं असतं. ते म्हणाले, विचारलं तेव्हा दहा मिळाले, विचारलं नाही तेव्हा सगळे गेले, हिशेब सरळ आहे. खलाशी पत्ते गोळा करू लागला.

स्पर्धा ए विंगने जिंकली.

त्याच आठवड्यात बी विंगची बैठक झाली. संमती न घेता विंगचे चिंचोके लावल्याबद्दल चौथ्या मजल्याकडे तोंडी खुलासा मागण्यात आला. त्याने खुलासा दिला नाही. नव्व्यांच्या जोडीचा विषय तरुणाने काढला, तेव्हा तो विषयपत्रिकेवर नाही असं सांगण्यात आलं. मी माझ्याकडची माहिती द्यायला उभा राहिलो. आपण वेळ पाहायला होता, असं मला सांगण्यात आलं. टाकी विकत घेण्याचा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला. त्या बैठकीला गणसंख्या पुरी झाली नाही.

जून महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोने फ्लॅटला कुलूप लावलं. गिरीजला एका वाडीत, विहिरीला लागून असलेल्या तळमजल्याच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. सामान एका टेम्पोत मावलं.