सम्पाजवळचं सीताफळ

अंबाजोगाईच्या स्टँडवर सोलापूरची बस सुरू झाली, आणि तेवढ्यात आईने सीताफळांची टोपली खिडकीतून आत ढकलली. वरची दोन फळं खाली पडून फुटली. दादा, माझे वडील, ती उचलायला वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. त्यांना डोळे पुसायचे होते, हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं. आई रडली नाही. खिडकीचा गज धरून ती बसबरोबर चालत राहिली आणि म्हणाली, "तिथं कुणी लई गोड बोललं की आधी सावध व्हायचं. भाषा येत नाही तुला, माणूस तरी ओळखायला शीक."

तुम्हा गावाकडच्या मंडळींपैकी बरेच जण तेव्हा स्टँडवर होतात. काही जण पुढे माझ्यासारखेच निघालात, कुणी पुण्याला, कुणी त्याहून लांब. मी इकडे कशी रुजले, ते तुम्ही फोनवर नेहमी विचारता आणि मी "बरं चाललंय" म्हणून टाळते. म्हणून आज लिहिते.

सोलापूरहून चेन्नईच्या रेल्वेत आम्ही दोघा नवराबायकोने टोपली संपवली, कारण पिकलेलं सीताफळ थांबत नाही. बिया मी पिशवीत बांधून ठेवल्या. सुधीर हसला. त्याला गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि त्याच्या डोक्यात फक्त मशीन होती. कंपनीची बस चेन्नईतल्या अण्णा नगरहून सुटायची, म्हणून आम्ही तिथे तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. वरच्या मजल्यावर घरमालकीण एकट्याच राहायच्या.

सामान उतरवतानाच त्या जिन्यातून म्हणाल्या, "या, या. अमी घरांत मराठीच बोलतों."

मी चकित झाले. कमळाबाई तंजावरच्या मराठी. त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडचीच, महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांची मराठी जुन्या पोथीसारखी, मध्येच तमिळ शब्द आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. त्यांनी रसम आणून दिलं, भाजीवाली दाखवली, 'सरी' म्हणजे 'बरं' हे शिकवलं. इतक्या गोड बोलल्या की मला आईचं बोलणं आठवलं, आणि त्या संध्याकाळी मी कपाटाला कुलूप लावलं.

पावसाळ्यात, म्हणजे इथल्या कार्तिकातल्या पावसात, मी फुटक्या बादलीत बिया टाकल्या. बऱ्याच दिवसांनी दोन कोंब आले. एक गोगलगाईने खाल्ला. दुसरा वीतभर झाल्यावर कमळाबाईंना विचारून मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीशी लावला. 'सरी' म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची नजर शेजारच्या सम्पच्या झाकणावर होती. सम्प म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. घरातलं सगळं पाणी त्यातूनच यायचं.

"ह्याचीं मुळें जाऊन सम्प फुटला तर?" त्यांनी नंतर विचारलं. मी म्हटलं, सीताफळाचं झाड केवढंसं असतं, मावशी. त्यांनी सम्पचं झाकण पायाने दाबून घट्ट बसवलं. भाडेकरूने जमिनीत झाड लावलं की त्याचा पाय त्या घरातून निघत नाही, असं त्यांना वाटत असावं. मला मात्र वाटायचं, की झाड मेलं तर यांना बरंच होईल.

मग पाणीटंचाईची वर्षं आली. नळ कोरडे पडले, पाण्याची लॉरी आली की गल्लीभर प्लास्टिकच्या बिंदग्यांची, म्हणजे कळश्यांची, रांग लागायची. मी झाडाला तांदूळ धुतलेलं आणि भांडी विसळलेलं पाणीच घालायचे. तरी रोज सकाळी कमळाबाई खाली येऊन सम्पचं झाकण उचलून बघायच्या, मग झाडाच्या बुंध्याशी ओली माती बघायच्या, मग माझ्याकडे. एकदा तोंडावर म्हणाल्या, "माणसांस नाहीं, झाडास आहे काय?" मी बादली त्यांच्या नाकाखाली धरली. त्यात डाळीची सालं तरंगत होती. त्या वास घेऊन वर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून मी त्यांच्या येण्याची वाट बघत खिडकीशी उभी राहू लागले.

झाड मात्र चिवट. उन्हात पानं गाळायचं, वाळल्यासारखं दिसायचं, आणि पहिल्या सरीला पुन्हा पालवायचं. मी वाळक्या फांद्या छाटायचे, कडुनिंबाची पेंड घालायचे. माझ्या डोक्याच्या वर गेलं तेव्हा त्याला फुलं आली. हिरवट, जाड पाकळ्यांची, खाली मान घातलेली. मी घरी फोन केला. आणि सगळी फुलं गळून गेली. पुढच्या वर्षीही तेच.

तिसऱ्या वर्षी फुलांच्या दिवसांत झाडाखाली मला पाकळ्या सापडू लागल्या. गळलेल्या नव्हेत, तोडलेल्या. त्यांच्या कडेला नखाच्या खुणा होत्या.

सुधीर म्हणाला, "खार असेल."

"खारीला नखानं पाकळी सोलता येते का?"

"मग कोण?"

मी वर बोट दाखवलं. तो म्हणाला, तू फार संशयी झाली आहेस इथे आल्यापासून. मी भांडले त्याच्याशी. तो दिवसभर गुम्मिडिपूंडीला, त्याला काय कळणार.

सकाळी कंपनीची बस गेली की मी स्वयंपाकघराचा दिवा न लावता खिडकीशी थांबू लागले. एके दिवशी दिसल्या. कमळाबाई अनवाणी उतरल्या, एका हातात छोटी वाटी, दुसऱ्या हातात रंगाचा ब्रश. एक फूल धरलं, पाकळ्या खुडून टाकल्या, ब्रश वाटीत बुडवून फुलात फिरवला. मग दुसरं फूल. काहीतरी पुटपुटत होत्या. विष की करणी, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. मी मागचं दार धाडकन उघडलं.

"काय घालताय त्यात?"

त्या दचकल्या. वाटी पुढे केली. तळाशी चिमूटभर पिवळसर धूळ होती.

"ह्याच झाडाचे पराग," त्या म्हणाल्या. "काल उमललेल्या फुलांचे. आजच्या फुलांस लावायचें. इकडे ते लहान किडे येत नाहींत, मा. उन्हाळ्यांत फूल आंतून वाळून जातें. अमच्या वडिलांनीं असेंच करायचें, तंजावरास."

"मग चोरून कशाला?"

"तूं करूं दिली असतीस?"

मी वाटी हुंगून परत दिली. तरी विश्वास बसला नाही. मी रोज झाडाखाली जाऊन बघत राहिले, आणि एके दिवशी पानाआड सुपारीएवढं फळ दिसलं. मग आणखी. मुंग्या चढून पिठ्या नावाची पांढरी कीड येऊ लागली, तर आम्ही दोघी मिळून ओल्या फडक्याने फळं पुसायचो. बोलणं वाढलं. तरी एक गोष्ट मला खटकत होती. इतकी वर्षं झाडाकडे वाकडं बघणारी बाई अचानक फळासाठी इतकी घाई का करू लागली?

ते लवकरच कळलं. एका दुपारी दोन माणसं अंगणात टेप धरून मोजमाप करत होती. कमळाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी माझी नजर चुकवली. त्यांच्या बंगळूरच्या मुलाने घर प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, द्यायचं ठरवलं होतं. घर पाडून फ्लॅट होणार होते. बोलणी उन्हाळ्याच्या आधीपासून चालू होती.

"आणि मला आत्ता कळतंय?" मी ओरडले. "झाडाला पाणी मी घालते!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "सांगटलें असतें, तर तूं पाणी घालायचें सोडली असतीस. मला एकदां तरी ह्याचें फळ पाहायचें होतें. मग अमी दोघीही जातोंच."

त्या रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. मीच आत जाऊन दार लावलं. खरंच सोडलं असतं मी पाणी घालायचं.

फळांचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पिवळ्या झाल्या, तेव्हा आम्ही ती उतरवून तांदळाच्या डब्यात पिकत घातली. बालाघाटच्या डोंगरातल्या फळांपेक्षा लहान होती, बियाच जास्त. कमळाबाईंनी जिन्याच्या पायरीवर बसून एक संपवलं, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "गोड आहे." मीही म्हटलं, गोड आहे. पोंगलच्या आधी आम्ही जवळच्याच मोगप्पेर भागातल्या फ्लॅटमध्ये गेलो. त्या बंगळूरला गेल्या. झाड कुठल्या दिवशी तोडलं, ते आम्हा दोघींनाही कुणी कळवलं नाही.

मागे एकदा मी त्या गल्लीत गेले. चार मजली इमारत, अंगणाच्या जागी गाड्या. मी फाटकातून वाकून भिंतीची ती कड शोधत होते, तोच वॉचमन आला.

"यार वेणुम्?" कोण पाहिजे?

मी तमिळमध्ये म्हटलं, कोणी नाही, इथे आमचं घर होतं. त्याचा विश्वास बसला नाही. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो फाटक धरून माझ्याकडे बघत होता.

इथे ओळख झाली की लोक पहिलं विचारतात, 'सोंद ऊर' कुठलं, म्हणजे तुमचं स्वतःचं गाव. मी अजून अंबाजोगाईच सांगते. पण परक्या गावात माणूस नुसता भितो. संशय घ्यायला, भांडायला, खिडकीशी राखण करत उभं राहायला तिथे आपलं काहीतरी असावं लागतं. अण्णा नगरच्या त्या अंगणात माझं होतं.