खणातला थर्मामीटर

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं तर मी आधी त्याला जाऊ देते... त्यापलीकडे शकुन-अपशकुनाशी माझा संबंध नाही. तरीही हे लिहिते आहे, मुख्यतः परदेशी शिकणाऱ्या माझ्या दोन नातवंडांसाठी – ग्लासगोची सई आणि टोरांटोचा निषाद.

सई निघाली तेव्हा तिला आमचा जुना, पाऱ्याचा थर्मामीटर हवा होता. लहानपणी तिचा प्रत्येक ताप त्यानंच मोजला होता. पण विमानात पारा चालत नाही. म्हणून औषधांच्या डब्यात डिजिटल ठेवला, प्रत्येक गोळीवर चिठ्ठी लावली, डबा दोरीनं बांधला. जुना माझ्या खणात राहिला... झटकून, केसमध्ये.

जानेवारीतला रविवार. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. दुपारी दोन वाजता, तारखा उलटलेल्या गोळ्या काढायला खण उघडला. सवयीनं थर्मामीटर पाहिला. पारा एकशे तीनवर!

सई गेल्यापासून चार महिन्यांत तो कुणी वापरला नव्हता. आणि त्या थंडीत मी घरातही स्वेटर घालून होते.

सईशी माझा फोन रविवारी संध्याकाळी असतो. मी तेव्हाच लावला.

"आजी? आत्ता कसा फोन?" आवाज जड होता.

"ताप आहे का?"

"नाही गं, थंडीनं अंग दुखतंय. खोकला आहे थोडा. उद्या सबमिशन झालं की झोपते."

"मोजलास?"

"नाही... डबा उघडलाच नाहीये अजून. तू इतका नीट बांधला होतास, उघडवेना."

"देव्हाऱ्यात ठेवायला नव्हता दिला. उघड."

मिनिटभरानं म्हणाली, "एकोणचाळीस पॉइंट चार."

मी मनात फॅरनहाइट केलं. एकशे तीन. हातातल्या थर्मामीटरकडे बघायचं धाडस झालं नाही.

"तिकडे डॉक्टरांकडे आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदवलं आहेस ना?"

नोंदवलं नव्हतं. चार महिने झाले होते जाऊन!

शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला उठवायला लावलं. ती सईला हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन गेली. न्यूमोनियाची सुरुवात होती. आणखी दोन दिवस अंगावर काढला असता तर अ‍ॅडमिट करावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

थर्मामीटर मी मुद्दाम झटकला नाही. पुरावा म्हणून तसाच खणात ठेवला. गुरुवारी सईचा मेसेज आला – 'ताप गेला. मुगाची खिचडी केली, चक्क जमली.' मी खण उघडला. पारा अठ्ठ्याण्णवला.

या थर्मामीटरची नळी तळाशी एका जागी चिमटल्यासारखी अरुंद असते. चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे.

निषाद फोनवर हसला. "आजी, तूच झटकला असशील आणि विसरलीस."

"विसरायला मी काय तुझी आई आहे?"

असो. सई आता ठणठणीत आहे. वेळेवर जेवते, ऊन पडलं की बाहेर पडते, ताप आला तर मोजते. मी दर रविवारी खण उघडते. पारा आपल्या जागी असतो. त्या आठवड्यात तो का चढला, कसा उतरला, मला आजही सांगता येत नाही. मी आता फार शोधतही नाही.

मात्र निषाद, या आठवड्यात तू डॉक्टरांकडे नाव नोंदव. माझ्याकडे थर्मामीटर एकच आहे आणि नातवंडं दोन.