वरळीहून परत आलेली घरगाडी

कोणी भुताची गोष्ट सुरू केली की त्या भुताचा पत्ता विचारायचा, ही माझी जुनी खोड. समोरचा तिथेच गप्प होतो. तेव्हा वाचकहो, आज मीच असलं काही लिहायला बसलोय हे पाहून आमच्या ऑफिसातली मंडळी पोट धरून हसतील... हसू देत. जे घडलं ते भरदिवसा घडलं, मी पूर्ण शुद्धीवर होतो, आणि मी एकटा नव्हतो.

मी गिरगावात राहतो, फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून आहे. कारकुनाला न शोभणारा एकच शौक मी केला — घरगाडी. लालबागच्या एका सुताराकडून दोन बैलांच्या गाडीवर बसेल अशी लाकडी खोली करून घेतली. मागे दार, आत झोपायला फळी, कोपऱ्यात शेगडी, दोन्ही अंगांना खिडक्या. सुट्टी आली की खोली गाडीवर चढवायची आणि रस्ता सोडून निघायचं... परळपलीकडची भातशेतं, माहीमची खाडी, वरळीचा किनारा. "निघालं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" म्हणून वाडीतले लोक चिडवायचे. मला त्याचं काही वाटत नसे.

गाडी हाकायला रखमाजी. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. बैल जुंपायच्या आधी तो दरवेळी गाडीचं पुढचं टोक हातानं उचलून बघायचा. पुढे वजन जास्त झालं की गाडी धुरजड होते, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. सामान इकडचं तिकडे करून तोल जमेपर्यंत तो बैलांना गाडीजवळ आणायचा नाही.

मग प्लेग आला.

पौषात आक्काला ताप भरला आणि काखेत गाठ आली. आक्का माझी थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तपासणीवाले रोज वाडीत शिरत होते, आजारी माणूस सापडला की हॉस्पिटलात नेत होते. तिथून परतलेलं माणूस आमच्या वाडीनं पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, आक्काला घरगाडीतून वरळीला हलवायचं. तिथे किनाऱ्यावर माझ्या ओळखीच्या हिराजी कोळ्याची एकाकी झोपडी होती. आणि खरं सांगतो — घरात माझी दोन लहान मुलं होती. आक्काला हलवण्यात माझा तोही स्वार्थ होता. तिला तो कळला असणार.

"मला इथंच राहू दे रे," ती म्हणाली. "मरायचं तर आपल्या घरात मरेन."

"आठ दिवसांत परत घरी आणतो. तुझी शपथ."

रखमाजीनं तिला मागे दाराजवळच्या फळीवर निजवलं, तोल जमावा म्हणून तांदळाची गोणी आणि पाण्याचा हंडा पुढे ठेवला, गाडीचं टोक उचलून बघितलं आणि बैल जुंपले. सरळ रस्त्यावर तपासणी होती, म्हणून लालबागच्या पुढे आम्ही गाडी कापणी झालेल्या शेतांत घातली. दर बांधाला खोली इकडून तिकडे डुलायची. बांध आला की रखमाजी मागे ओरडायचा, "आक्का, धरून बसा!" आणि आतून बारीक 'हूं' यायचा.

वरळी दिसू लागली तेव्हा तो 'हूं' थांबला होता. हिराजीनं दार उघडून आत पाहिलं आणि डोक्याचं फडकं काढलं. "दादा... तुजी बाय गेली रं."

दिवस मावळायच्या आत किनाऱ्यावरच सगळं उरकलं. तिचं अंथरूण, पांघरूण, उशाचं गाठोडं, सगळं हिराजीनं जाळायला लावलं. मी रडलोसुद्धा नाही. शपथ मोडली, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना रखमाजीनं सवयीनं गाडीचं टोक उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"दादा, जरा हात लावा."

मी लावला. हलकं! गोणी आणि हंडा पुढेच होते, मागची फळी मोकळी, अंथरूणसुद्धा नाही. गाडी धुरजड व्हायला हवी होती. मी आत जाऊन फळीखाली पाहिलं, चाकं पाहिली, वाळूचा उतार असेल म्हणून गाडी ढकलून सपाटीवर आणायला लावली. तोल कालच्यासारखाच.

"गोणी मागं सरकवू?" मी विचारलं.

"नगं," रखमाजी म्हणाला. "हाय ते बरोबर हाय."

आम्ही त्याच शेतांतून निघालो. बैल माना वर करून मजेत चालत होते. पहिला बांध आला आणि रखमाजी मागे ओरडला, "आक्का, धरून बसा!"

"वेड लागलंय का तुला?" मी खेकसलो. पुढच्या बांधाला पुन्हा तेच. आतून उत्तर आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण गाडी कुठेही पुढे झुकली नाही.

वाडीत शिरल्यावर त्यानं नेहमीसारखा उतरायचा पाट मागच्या दाराशी ठेवला. मी त्याला अडवणार, तेवढ्यात पायरीवरून बायकोचा आवाज आला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. पाट ठेवलेला पाहून तिला वाटलं, आक्कांचा ताप रात्रीतच उतरला म्हणून परत आणलं.

"वन्सं आल्या! थांबा हं, उतरू नका लगेच!"

ती भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मी गाडीच्या चाकाला धरून उभा राहिलो. तिनं बंद दारावरून तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पाटावर पाणी घातलं आणि हसत म्हणाली, "या, घर आलं."

त्याच क्षणी पुढे बैलांच्या माना खाली गेल्या. जू करकरलं, हंड्यातलं पाणी डचमळून सांडलं. रखमाजी धावला आणि त्यानं खांद्यानं गाडी उचलून धरली. बायकोनं दार उघडलं. रिकामी फळी बघून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"वन्सं कुठायत?"

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. एका इंजिनीअर स्नेह्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, वाळू, चढउतार, मनावरचा ताण. असेल. वाळू आणि चढउतार वरळीपासून गिरगावापर्यंत कसे पुरले, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. मलाही आजतागायत सांगता येत नाही. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

पण गाडीचा तोल मी माझ्या हातानं पाहिला होता. रखमाजीला जे कळलं, ते मलाही कळलं होतं. तो परका माणूस दर बांधाला तिला सांभाळून बसायला सांगत होता... आणि मी, तिनं वाढवलेला भाऊ, वरळीपासून गिरगावापर्यंत तिच्याशी एक शब्द बोललो नाही.