दाराच्या आतला गंज

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी ताब्यात घेतली, म्हणजे दर रविवारी पॉलिश पेपर घेऊन तिच्याभोवती फिरायला लागलो. बाहेरचा गंज निघाला. आई बसायची त्या डाव्या दाराच्या आतला मात्र निघेना. अस्तर काढून जी फट मिळाली, तिच्यात माझा हात मनगटाशीच अडकला. खाऊनपिऊन सुखी माणसाचा हात तो.

"सरक बाजूला," आई म्हणाली, आणि ब्रशासकट तिचा हात कोपराच्याही वर आत गेला. मला बरं वाटायला हवं होतं. पण हा हात इतका बारीक कधी झाला? आम्ही तर रोज एकत्र जेवतो. दिसतं तेवढंच पुसत राहायचं आणि घर लख्ख आहे म्हणायचं, अशी आपली रीत.

दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती कुणीतरी पुट्टी लिंपून बुजवली होती. पाणी आतच साचून पत्रा खात बसलं होतं.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"ह्यांचा. खालून पाणी उडून साडी भिजते, असं मी म्हटलं होतं एकदा."

मी खरवडून एक भोक मोकळं केलं. दुसऱ्या भोकाच्या पुट्टीवर बाबांच्या अंगठ्याचा ठसा होता. आईने माझा हात धरला.

"हे राहू दे."

"अगं, पत्रा सडेल."

"माझ्यापुरता टिकेल," ती म्हणाली.