मोठ्या सिस्टर आणि वॉर्डाचं दार

मोठ्या सिस्टरांच्या निरोपाच्या जेवणाची ऑर्डर माझ्याकडे होती. मी हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीमागं बसतो, आणि खाण्यातलं आपल्याला जास्त कळतं असा माझा जुना गैरसमज आहे. सगळ्यांना मटण, तांबडा-पांढरा सांगितला. मिझोरामच्या लालरेमरुआती सिस्टरसाठी मात्र मोठ्या प्रेमानं वेगळे नूडल्स. डबा उघडून म्हणालो, "खास तुमच्यासाठी!" तिनं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा माझ्या वाटीतल्या पांढऱ्या रश्श्याकडं. बोलल्या त्या मोठ्या सिस्टर.

"बिलवाले, जावा भाईर."

गेलो. पॅसेजमधल्या टेबलावर नूडल्स ठेवले, तिच्यासाठी रश्श्याची मोठी वाटी भरून घेतली आणि परत आत आलो. आमच्याकडं अशीच रीत आहे. चुकलं की दाराबाहेर जायचं आणि नीट होऊन आत यायचं. कारणं सांगायची नाहीत.

ही रीत मोठ्या सिस्टरांनी आधी स्वतःला लावली होती. लालरेमरुआती नवीन आली तेव्हा पेशंटला ओळख करून देताना त्या म्हणाल्या होत्या, "ही नेपाळी पोरगी सलाईन लावंल." पोरगी हळूच म्हणाली, "सिस्टर, मी मिझोरामची." सिस्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला, वॉर्डाबाहेर गेल्या, दार लावून घेतलं आणि पुन्हा आत आल्या. "ही मिझोरामची लालरेमरुआती सिस्टर. हिचा हात हलका हाय, घाबरू नका." पण नाव घेताना जीभ अडखळली होती, म्हणून परत बाहेर गेल्या. पेशंट बिचारा हात पुढं करून वाट बघत बसला.

"रेमी म्हणा, चालेल," ती म्हणाली होती.

"चालतंय कसं? एवढं नाव तुझ्या आईनं काय हौस म्हणून ठेवलंय?" त्यानंतर गगनबावड्याहून आलेल्या या बाई राजारामपुरीत रिक्षात बसून ते नाव घोकायच्या. रिक्षावाल्याला वाटायचं, स्तोत्र चाललंय.

कामाच्या जागी कुणाला परकं वाटू नये यासाठी आमच्याकडं अधूनमधून प्रशिक्षण असतं. आम्ही सही करतो आणि पंख्याखालची खुर्ची पकडतो. मोठ्या सिस्टर दर वेळी पहिल्या रांगेत. मी एकदा चिडवलं, "सिस्टर, तुमचं झालंय की सगळं शिकून." त्या म्हणाल्या, "इंजेक्शन यायला लागलं म्हणून हात धुवायचं सोडतो काय आपण? परत्येक पेशंटला परत धुवायचं. हे बी तसंच." मी त्या दिवशी पंख्याखालून उठलो नाही, पण झोपलोही नाही.

त्यांची निवृत्ती जवळ आली, तेव्हा वॉर्डाची इनचार्ज कोण, हा प्रश्न निघाला. सिस्टरांनी लालरेमरुआतीचं नाव दिलं. त्याच आठवड्यात एका आबांचा मुलगा वॉर्डात ओरडला, "ही चिनी नको, आपली सिस्टर पाठवा!"

"पावणं, आबांची शीर कुणालाच घावत न्हवती, ती कुणाला घावली?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

मुलानं लालरेमरुआतीकडं बोट केलं.

"मग आपलीच की ही. जावा भाईर, आणि नीट बोलत या."

तो आला नीट बोलत. पण ती गोष्ट आमच्या मालक डॉक्टरांच्या कानावर गेली. मी बिलावर सही घ्यायला केबिनमध्ये होतो. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मुलगी हुशार आहे, पण लोकांना सवय नाही. इनचार्ज दुसरं कुणीतरी बघू."

लालरेमरुआती दाराशी उभी होती. "सोडा सिस्टर," ती म्हणाली. "मला सवय आहे."

"तुला कशाला पायजे सवय? सवय त्यांनी लावून घ्यायची." मग त्या डॉक्टरांकडं वळल्या. "साहेब, तुमी बी भाईर जाऊन या."

मी बिलात तोंड खुपसलं. हॉस्पिटलचे मालक स्वतःच्या केबिनमधून उठले, बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं दारावर टकटक झाली. "इनचार्ज सिस्टर लाल... लालमती..."

"परत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला त्यांना नाव जमलं. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज लालरेमरुआती सिस्टर. आपण या हॉस्पिटलात नुसती बिलं करतो, तरी माझी कॉलर ताठ आहे.

जेवणानंतर मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या दाराशी थांबल्या. "चला, जाते," म्हणाल्या आणि वळल्या.

"सिस्टर, चुकलं." नव्या इनचार्जचा आवाज आला. "भाईर जावा."

मोठ्या सिस्टर गेल्या. दार लागलं. मग दार उघडलं, आणि पदरानं चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "येते गं."

घरी आलो तर बायको तिच्या गडहिंग्लजच्या आईशी कन्नडमध्ये फोनवर बोलत होती. "झालं का कानडी कंपनीचं?" असं नेहमीसारखं विचारून मी तिला ही सगळी हकीकत छाती फुगवून सांगितली. तिनं शांतपणे ऐकली.

"बाई मोठीच हाय," ती म्हणाली. "आता तुमी उठा. दार तिकडं हाय. आणि येताना दही घेऊन या."