राजूरची बेपत्ता सून

नोकरी संपून इतकी वर्षं झाली, तरी राजूरजवळच्या त्या सासूचा चेहरा माझ्या नजरेसमोरून हलत नाही. चाळीसच्या दशकात मी त्या भागात फौजदार होतो.

बाजाराच्या दिवशी एक तरुण शेतकरी चौकीत आला. "सायेब, माझ्या बहिनीचं दिवस भरत आल्यात. सासू म्हनती माहेरी गेली. आमच्याकडं ती आलीच न्हाई. तिचं काय केलं, इचारा त्यांना."

तिची आधीची दोन मुलं जन्मतानाच गेली होती. नवरा पलटणीत, दूर. सासरा तिला घालूनपाडून बोलतो, असं शेजाऱ्यांच्या जबाबांत आलं. मनात वाईट शंका आली. आम्ही आसपासच्या विहिरीही धुंडाळल्या. सासऱ्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. सासू मात्र एकच सांगे, "माहेरी गेली."

झडतीच्या वेळी मी भावाला विचारलं, बाळासाठी काही शिवलं होतं का? आईनं दुपटी-टोपडी पाठवली होती, तो म्हणाला. घरात त्यातलं एकही मिळालं नाही. सुनेच्या जिवावर उठलेलं माणूस बाळाचे कपडे कशाला बांधून देईल?

सासऱ्याला बाहेर बसवून मी सासूला विचारलं, "मावशी, दुपटी कुणाबरोबर गेली?"

तिला रडू फुटलं. "नगरला, बाईडाक्टरकडं. शाळंच्या मास्तरीनबाईंनी नेलं तिला. हितं डोंगरात बाळंतपनाचा डाक्टर न्हाई, सायेब. मागल्या खेपंला सून मरता मरता वाचली. ह्यांना कळलं तर वढून आनतील. मिशनच्या दवाखान्यात सून बाटंल म्हनत्यात."

भावाला घेऊन मी नगर गाठलं. सून खाटेवर बसलेली दिसली आणि तो पोरासारखा रडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल आडवं आहे. घरी नेलंत तर दोघांच्याही जिवाला धोका आहे."

सासऱ्याच्या कानावर नगरचं नाव गेलंच होतं; मागोमाग सासू-सासरे आले. "सून माझी हाय, मी नेनार," सासरा म्हणाला.

"तपास चालू आहे," मी म्हणालो. "जबाब पुरा होईपर्यंत बाईंना इथून हलवता येणार नाही."

तो जबाब मी मुद्दाम लांबवत राहिलो. बाळंतपण अवघड गेलं, पण आई वाचली. मुलगी झाली. सासऱ्यानं नातीकडं पाहिलं, तोंड फिरवलं आणि थोड्या वेळानं बायकोला हळूच विचारलं, "दूध पिती का गं?"

पोलिसांशी खोटं बोलणारा माणूस गुन्हाच लपवतो, असं मी तोवर धरून चालत असे. ती बाई तर सुनेचा जीव राखत होती. पुढे डोंगरातल्या गावांत फेरीला गेलो, की दिवस भरत आलेल्या बाईच्या घरी मी आधी एवढंच विचारी, "नगरला कधी निघताय?"